एकशे वीस तासांचे माप

‘टर्म भरली नाही, म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला’ हे वाक्य आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या कार्यालयांबाहेर दर वर्षी ऐकू येते. पंच्याहत्तर टक्के हजेरी हा आकडा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की पंच्याहत्तरच का, साठ किंवा नव्वद का नाही, असे कोणी विचारत नाही. त्याहून मूळचा प्रश्न तर आपल्या मनातही येत नाही. वर्गात बसण्याचे तास आणि विषय येणे या दोन गोष्टींची सांगड मुळात घातली कोणी?

‘टर्म भरणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. त्याचा एक नमुना गांधीजींनी आत्मकथेत नोंदवला आहे. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तिथे परीक्षांबरोबर बारा टर्म भरण्याची अट होती, आणि टर्म भरणे म्हणजे जेवणे! प्रत्येक टर्ममध्ये सुमारे चोवीस मेजवान्या होत, त्यांपैकी निदान सहांना हजर राहावे लागे. प्रत्यक्ष जेवलेच पाहिजे असेही नव्हते. ठरलेल्या वेळी यायचे आणि जेवण संपेपर्यंत बसायचे, एवढे पुरे. तरुण विद्यार्थ्यांनी जुन्याजाणत्या वकिलांच्या पंगतीला बसावे, त्यांच्या बोलण्यातून शिकावे, हा या प्रथेचा मूळ हेतू. गांधीजी गेले तोपर्यंत विद्यार्थी आणि वकील वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले होते. हेतू निघून गेला होता, हजेरी तेवढी उरली होती.

याच्या अगदी उलट टोकाला लंडन विद्यापीठ होते. १८५८ मध्ये त्याने आपल्या बहुतेक परीक्षा कोणालाही खुल्या केल्या. तुम्ही कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, याची चौकशी नाही. परीक्षेला बसा, उत्तीर्ण व्हा, पदवी घ्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडनच्याच नमुन्यावर. पण पदवीसाठी संलग्न महाविद्यालयात टर्म भरल्याचा दाखला आपल्याकडे लागतच असे. म्हणजे परीक्षा लंडनसारखी आणि वर हजेरीही. ही जोडगोळी आजतागायत टिकून आहे.

मात्र हजेरीच्या तासांना थेट ‘माप’ बनवण्याचे काम इंग्लंडमध्ये झाले नाही. ते अमेरिकेत झाले, आणि गंमत अशी की ते केले एका खगोलशास्त्रज्ञाने.

हेन्री स्मिथ प्रिचेट यांचा जन्म १८५७ चा, मिसुरी राज्यातला. त्यांचे वडील मॉरिसन वेधशाळेचे पहिले संचालक. प्रिचेट स्वतः १८८२ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध घेण्यासाठी न्यूझीलंडपर्यंत जाऊन आले होते. पुढे ते सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेतल्या वेधशाळा ताऱ्यांच्या वेधांवरून अचूक वेळ ठरवून ती तारेने शहरांना आणि रेल्वे कंपन्यांना पुरवीत असत. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकी रेल्वेने गावोगावच्या निरनिराळ्या वेळा मोडीत काढून प्रमाणवेळ सुरू केली, तेव्हा प्रिचेट सव्वीस वर्षांचे होते. १८९७ पासून तीन वर्षे ते अमेरिकेच्या किनारा व भूमापन खात्याचे प्रमुख होते. देशाची वजने-मापे सांभाळणारी कचेरी त्या काळी याच खात्याच्या अखत्यारीत होती. तिचे स्वतंत्र प्रमाण-संस्थेत रूपांतर व्हावे म्हणून प्रिचेट यांनी खटपट केली आणि १९०१ मध्ये अशी संस्था निघालीही. थोडक्यात, या गृहस्थांना वेळ आणि माप या दोन्ही गोष्टी चांगल्या कळत होत्या.

त्यांच्यापुढे जो प्रश्न आला तो मात्र शिक्षणाचा नव्हता, पेन्शनचा होता.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त झाले, तेव्हा प्राध्यापकांचे पगार किती तुटपुंजे आहेत हे पाहून त्यांना धक्काच बसला. म्हातारपणासाठी गाठीला काही राहावे असा तो पगार नव्हता. १९०५ मध्ये त्यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. या पैशांतून कार्नेगी शिक्षण-प्रतिष्ठान उभे राहिले आणि प्रिचेट त्याचे अध्यक्ष झाले.

पैसे वाटायचे ठरले, पण कोणाला? महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना. मग महाविद्यालय कशाला म्हणायचे? हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे विद्यापीठ संलग्नता देते आणि प्रश्न मिटतो. अमेरिकेत तसे कोणी नव्हते. दारावर ‘कॉलेज’ अशी पाटी लावून आत सातवी-आठवीचे अंकगणित शिकवणाऱ्या संस्था होत्या, आणि हार्वर्डही होते. तेव्हा प्रतिष्ठानने व्याख्या केली. महाविद्यालयात पूर्ण वेळ काम करणारे निदान सहा प्राध्यापक हवेत, अभ्यासक्रम चार वर्षांचा हवा, पदरी किमान दोन लाख डॉलरची ठेव हवी, धर्मपंथाचे नियंत्रण नको, आणि प्रवेशासाठी चार वर्षांचे माध्यमिक शिक्षण आवश्यक असावे.

पण चार वर्षांचे माध्यमिक शिक्षण म्हणजे काय? इथे खरी मेख होती. १८९० मध्ये अमेरिकेच्या सरकारी माध्यमिक शाळांत सुमारे दोन लाख विद्यार्थी होते. १९१० मध्ये ते नऊ लाखांवर गेले. शाळा भराभर निघत होत्या आणि प्रत्येकीचे वेळापत्रक निराळे होते. एका गावची ‘दोन वर्षे लॅटिन’ म्हणजे आठवड्याला पाच तासिका, दुसऱ्या गावची म्हणजे दोन. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या पुढाकाराने विषय निवडण्याची मोकळीक आधीच रूढ होऊ लागली होती. सगळे विद्यार्थी सगळे विषय एकाच क्रमाने शिकत होते तोवर ‘दुसरे वर्ष पूर्ण’ एवढे सांगून भागे. आता एकाने ग्रीक सोडून रसायनशास्त्र घेतले, दुसऱ्याने इतिहास घेतला. या दोघांचे शिक्षण सारखेच झाले असे म्हणायचे तर दोन्ही कुठल्या तरी एकाच तराजूत घालायला हवे. ज्ञानाचा तराजू कोणाकडेच नव्हता. घड्याळ मात्र सगळ्यांकडे होते.

म्हणून एकक ठरले ते वेळेचे. एक विषय, आठवड्याला पाच तासिका, असा वर्षभर शिकवला की एक एकक. महाविद्यालयाच्या प्रवेशाला अशी चौदा एकके लागतील. थोड्याच वर्षांत ही व्याख्या घासूनपुसून पक्की झाली : शाळेचे वर्ष छत्तीस ते चाळीस आठवड्यांचे, तासिका चाळीस ते साठ मिनिटांची, आठवड्याला तासिका चार किंवा पाच, आणि एकूण वेळ किमान एकशे वीस तास. हिशेब करून पाहावा. पाच तासिका, छत्तीस आठवडे, चाळीस मिनिटे यांचा गुणाकार ७२०० मिनिटे येतो, म्हणजे बरोबर १२० तास. चार तासिका पन्नास मिनिटांच्या धरल्या तरी उत्तर तेच. वर्गात ‘प्रमाणित एकक’ हा पाठ शिकवताना मीटर आणि किलोग्रॅमच्या जोडीला हे उदाहरण घेण्यासारखे आहे. मीटर ठरवताना माणसांनी पृथ्वीच्या परिघाकडे पाहिले होते. इथे शाळेचे वेळापत्रक पाहिले.

पेन्शनच्या मोहाने महाविद्यालयांनी ही अट भराभर स्वीकारली. काहींनी तर आपल्या धर्मपंथाशी असलेले नातेही सैल केले. महाविद्यालयांनी अट घातल्यावर शाळांना वेळापत्रके तशी बेतावीच लागली. कोणी कायदा केला नाही, सक्ती केली नाही. पेन्शनपासून निघालेली साखळी महाविद्यालयातून माध्यमिक शाळेत आणि तिथून घंटेपर्यंत जाऊन पोचली. १९१० च्या सुमारास बहुतेक माध्यमिक शाळा या एककात आपला अभ्यासक्रम मोजू लागल्या होत्या. त्याला नाव पडले ‘कार्नेगी एकक’. ज्या पेन्शनसाठी हा सारा खटाटोप झाला, ती मात्र टिकली नाही. फुकट पेन्शन देण्यास निधी पुरेना, तेव्हा १९१८ मध्ये प्राध्यापकांच्या स्वतःच्या वर्गणीवर चालणारी विमासंस्था काढावी लागली. पेन्शनची मूळ योजना गेली आणि तिच्या कागदपत्रांतले एकक तेवढे मागे राहिले.

विद्यापीठांतही हे माप शिरले. १९१० मध्ये प्रतिष्ठानने मॉरिस कुक या यंत्र-अभियंत्याकडून एक अहवाल करून घेतला. कुक हे फ्रेडरिक टेलर यांचे शिष्य. कारखान्यात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे ते टेलर. कुक यांनी काही विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांची पाहणी केली आणि ‘विद्यार्थी-तास’ हे हिशेबाचे एकक सुचवले : एका विद्यार्थ्याने व्याख्यानात, प्रयोगशाळेत किंवा वर्गात घालवलेला एक तास. त्यावरून कुठल्या विभागाचा तास किती डॉलरला पडतो हे काढता येऊ लागले. प्रयोग फसला म्हणून तो पुन्हा करत बसलेला विद्यार्थी या हिशेबात कुठे बसतो, असा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाला पडल्याशिवाय राहणार नाही.

इथे एक बारकावा नीट पाहिला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला आहे. एकशे वीस तासांचे हे माप विद्यार्थ्याचे नव्हतेच, ते शाळेचे होते. विषय किती वेळ शिकवला गेला पाहिजे, हे ते सांगत होते. त्या १२० तासांपैकी अमुक विद्यार्थ्याने किती तास बाकावर बसावे, याबद्दल त्यात काही नव्हते. आणि तो काय शिकला याबद्दल तर नव्हतेच. दुधाच्या बाटलीवर ‘एक लिटर’ लिहिलेले असते, त्यावरून बाटलीत दूध किती ते कळते. ते कोणी प्यायले आणि कोणाच्या अंगी लागले हे कळत नाही.

पण शाळेचे माप विद्यार्थ्यावर उतरायला फार वेळ लागला नाही. त्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. सरकारी मदत हजेरीवर देण्याची पद्धत जुनीच आहे. इंग्लंडच्या १८६२ च्या नियमावलीत शाळेला सरासरी हजेरीमागे चार शिलिंग मिळत, आणि वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेतून मुलामागे आणखी आठ. अमेरिकेतही टेक्सस, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत शाळांचा पैसा दैनिक सरासरी हजेरीशी बांधलेला आहे. बाक रिकामा राहिला की शाळेचे उत्पन्न बुडते. मग बाक भरलेला ठेवण्यासाठी शाळेने हाताशी असलेले हत्यार उचलले : अमुक दिवसांहून जास्त गैरहजर राहाल तर पेपर कितीही चांगला लिहा, विषयाचे श्रेय मिळणार नाही.

१९७० नंतरच्या काळात अशा नियमांविरुद्ध पालक न्यायालयांत जाऊ लागले, आणि निकाल एका दिशेचे लागले नाहीत. कोलोरॅडोतल्या एका शाळा-मंडळाचा नियम होता की सत्रात सातांहून अधिक दिवस गैरहजर राहिल्यास श्रेय नाही, कारण काहीही असो. १९७८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. राज्याच्या सक्तीच्या हजेरीच्या कायद्यात आजारपणासारख्या कारणांना सूट होती. ती सूट शाळा-मंडळाला मागल्या दाराने काढून घेता येत नव्हती. सहा वर्षांनी, १९८४ मध्ये, कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयासमोर न्यू मिलफर्ड गावचा नियम आला. तिथे वर्षात चोवीसहून अधिक गैरहजेऱ्या झाल्या की श्रेय रोखले जाई. हा नियम न्यायालयाने टिकवला, आणि त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. ही शिस्तभंगाची शिक्षा नाही, हा शैक्षणिक निर्णय आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे वर्गात हजर असणे हा शिकण्याचाच एक भाग धरला गेला.

मला या निकालात तथ्य दिसते, पण अर्धेच. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष उभे राहून केलेले अनुमापन घरी पुस्तकातून होत नाही. वर्गातला वाद, गटातले काम हे गैरहजर मुलाला मिळत नाही. पण असे असेल तर नियम विषयागणिक वेगळा हवा. गणिताला, चित्रकलेला, प्रात्यक्षिकाला आणि इतिहासाला एकच आकडा लागू होतो, तेव्हा तो शैक्षणिक कमी आणि कार्यालयीन अधिक असतो.

टेक्सस राज्याने हा नियम थेट कायद्यातच घातला. विषयाचे वर्ग जितके दिवस भरले त्यांच्या नव्वद टक्के दिवस हजेरी नसेल, तर श्रेय नाही. हजेरी पंच्याहत्तर ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर मुख्याध्यापकांनी मंजूर केलेला भरपाईचा अभ्यास पुरा करून श्रेय मिळवता येते. त्याहून कमी असेल, तर प्रकरण हजेरी-समितीकडे जाते, आणि या समितीत बहुसंख्य सभासद वर्गात शिकवणारे शिक्षक असले पाहिजेत अशी तरतूद आहे. ही शेवटची तरतूद मला महत्त्वाची वाटते. मुलगी का आली नाही, घरी धाकट्या भावंडाला सांभाळत होती की बाहेर हिंडत होती, हे रकान्यातल्या फुलीवरून समजत नाही. ते वर्गशिक्षकाला माहीत असते. त्याच टेक्ससने २०१५ मध्ये शाळेच्या वर्षाचा हिशेब दिवसांऐवजी मिनिटांत करायचे ठरवले : वर्षाला ७५,६०० मिनिटे. मोजण्याची हौस अशी की दिवसही मोठे वाटू लागले!

तासांवरून ज्ञान कळते का, याची तपासणी कोणी केलीच नाही असे मात्र नाही. केली ती खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानने. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शाळा-महाविद्यालयांतील हजारो विद्यार्थ्यांच्या १९२८ पासून चाचण्या घेतल्या गेल्या आणि लर्नेड व वुड यांचा अहवाल १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या शेवटच्या वर्गातली कितीतरी मुले पदवीच्या उंबरठ्यावरच्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक जाणत होती. चार वर्षांचे तास आणि श्रेय गाठीला बांधूनही काहींचे ज्ञान जिथल्या तिथे राहिले होते. त्याच सुमारास आणखी एक मोठा प्रयोग चालू होता. तीस शाळांना एककांच्या बंधनातून मोकळे केले गेले आणि सुमारे तीनशे महाविद्यालयांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या अटींशिवाय प्रवेश देण्याचे कबूल केले. हा ‘आठ वर्षांचा अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. या शाळांमधला एक विद्यार्थी आणि नेहमीच्या शाळेतला त्याच्याशी वय, बुद्धी व घरची परिस्थिती या बाबतींत जुळणारा दुसरा, अशा १४७५ जोड्या लावून त्यांची महाविद्यालयातली प्रगती पाहिली गेली. मोकळ्या शाळांतले विद्यार्थी कुठे मागे पडले नाहीत, किंचित पुढेच निघाले. हे निष्कर्ष १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आले. तोवर अमेरिका महायुद्धात उतरली होती, आणि शाळांच्या घंटा पूर्वीसारख्याच वाजत राहिल्या.

पुढे १९८३ मध्ये ‘राष्ट्र धोक्यात’ हा गाजलेला अहवाल आला. मुले कच्ची राहतात, असे त्यात म्हटले होते. उपाय काय? इंग्रजीची चार वर्षे, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रांची प्रत्येकी तीन वर्षे सक्तीची करा. औषध लागू पडत नाही तर मात्रा वाढवा, असा हा प्रकार झाला.

मग हे माप फेकून का दिले नाही? याचे उत्तर केवळ आळस असे देणे बरोबर होणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा गोऱ्या मुलांच्या शाळांपेक्षा वर्षातले कमी दिवस चालत. अशा ठिकाणी ‘इतके तास शिकवलेच पाहिजे’ ही अट मुलांच्या बाजूची होती. तास दिले म्हणजे शिक्षण झाले असे नाही, पण तासच दिले नाहीत तर शिक्षण होणार नाही, हे निश्चित. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही हेच केले. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, ही अट त्याने शाळेवर घातली आहे. कमी तास भरले तर जाब शाळेला विचारायचा.

वरच्या वर्गांत मात्र जबाबदारी उलटते आणि टक्केवारी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. तिचे ओझे किती होऊ शकते हे आपण पाहिले आहे. २०१६ मध्ये हजेरी कमी पडल्याने परीक्षेला बसू न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला की किमान हजेरी नाही एवढ्या कारणावरून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता येणार नाही.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने २००५ मध्ये नियम बदलून शाळांना सांगितले की श्रेय बसलेल्या तासांवर नको, विषयावर मिळवलेल्या प्रभुत्वावर द्या. त्यासाठी शिक्षकांना प्रत्येक विषयात ‘प्रभुत्व म्हणजे काय’ हे लिहून काढावे लागले, आणि हे काम हजेरी घेण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानने पुन्हा एकदा या एककाचा अभ्यास करून २०१५ मध्ये अहवाल दिला : माप ढोबळ आहे, पण देशभरच्या संस्थांचे व्यवहार त्यावर चालतात आणि त्याच्या जागी ठेवण्याजोगे दुसरे अजून तयार नाही.

आठ वर्षांनी त्याच प्रतिष्ठानने भूमिका बदलली आणि वेळेऐवजी प्रत्यक्ष कौशल्ये मोजणारी साधने घडवण्यासाठी एका मोठ्या परीक्षा-संस्थेशी हातमिळवणी जाहीर केली. ते वर्ष २०२३. आपल्याकडे शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला तोही २०२३ मध्येच. त्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे तीस तासांना एक श्रेयांक. हे तास केवळ वर्गातले नाहीत. प्रात्यक्षिक, स्वाध्याय, प्रकल्प, खेळ असे सारे त्यांत येते, आणि श्रेयांक मिळण्यासाठी मूल्यमापनही आवश्यक आहे. प्रिचेट यांचे एकशे वीस तास या हिशेबात बसवायचे तर त्यांचे चार श्रेयांक होतात.